सासूबाई, नवा गुडघा आणि आफ्रिकेची सफारी

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही डोंबिवलीचे. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई, त्यांचा एक गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. एफडी मोडून एकदाच आफ्रिका करायचीय. टूरवाल्याने केनियाची टूर दिलीय, आठ दिवसांत पाच ठिकाणं. नवऱ्याला बलून हवाय, मुलाला सिंह आणि नदीत उड्या मारणारे विल्डबीस्ट (ती गाईसारखी दिसणारी हरणं), नणंद म्हणते गाडी भाड्याने घ्या आणि साऊथ आफ्रिकेत क्रूगर नॅशनल पार्क स्वतः फिरा. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. नवरा म्हणतो आईला यावेळी घरी ठेवू, झेपणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण परवा त्यांनी कपाटातला स्वेटर काढून उन्हात घातलेला मी बघितला. सुट्टी मेमध्येच मिळते. नक्की कुठली सफारी करू? – गोंधळलेली सून"

सूनबाई, मी स्वेटरपासूनच सुरुवात करते. ज्या बाईने डोंबिवलीच्या घामात स्वेटर काढून उन्हात घातलाय तिची मनातल्या मनात बॅग भरून झालीय, त्यामुळे "आईला घरी ठेवू" हा विषय माझ्यापुरता इथंच मिटला. तुमच्या मिस्टरांना वाटतंय सफारी म्हणजे ट्रेकसारखं काहीतरी, तरुणांचं काम. अहो, सफारीत माणूस दिवसाचे सहा-सात तास नुसता बसलेला असतो. बसायचं, बघायचं, गप्प राहायचं. हे तुमच्या घरात कुणाला जमणार, मोबाईल हातातून न सोडणाऱ्या दोघा पुरुषांना की गॅलरीत बसून अख्ख्या सोसायटीवर लक्ष ठेवणाऱ्या बाईला? (त्या ठेवतात ना? सगळ्याच ठेवतात.)

आता तो टूरचा कागद. पहिल्या वेळी मीही अशीच एक टूर केली होती, कंपनीचं नाव घेत नाही, पण कागद इतका भरगच्च की वाटलं पैसे वसूल. परत आल्यावर सगळ्यात जास्त काय आठवतं तर व्हॅनच्या समोरच्या सीटचं फाटलेलं कव्हर. तुमच्या कागदावरची मी बेरीज केली: नैरोबीहून अंबोसेली चार तास, अंबोसेलीहून नाकुरू म्हणजे परत नैरोबी ओलांडायची, सात-आठ तास कुठे गेले नाहीत, मग नैवाशा, मग मसाई मारा अभयारण्य पाच तास, मग मारा ते नैरोबी परत सहा. चोवीस तासांच्या आसपास नुसता रस्ता, त्यातला काही खडखडाटी, तिथले ड्रायव्हर त्याला हसत हसत आफ्रिकन मसाज म्हणतात. नव्या गुडघ्याला हा मसाज कशाला? आणि प्रत्येक ठिकाणी एक किंवा दोन रात्री. जनावर काही तुमचा कागद वाचून येत नाही. ताडोबाला एकच सकाळची फेरी घेऊन वाघ न दिसता परतलेली माणसं तुमच्या ओळखीत असतीलच, आणि तिथंच तीन दिवस राहिलेल्यांना काय काय दिसतं तेही ऐकलं असेल. तेच गणित इथं. म्हणून कुठलीही सफारी घ्या, ठिकाणं कमी आणि रात्री जास्त, एका जागी निदान तीन.

बाकी सफारीचे प्रकार खूप आहेत आणि तुमच्या घरातला प्रत्येकजण वेगळ्याच प्रकाराबद्दल बोलतोय, म्हणून गोंधळ झालाय.

मुलाला जे हवंय ते मसाई मारा. लाखो विल्डबीस्ट आणि सोबत झेब्रे टांझानियाच्या सेरेंगेटीतून वर येतात आणि मारा नदी ओलांडतात, ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. मेमध्ये हा तमाशा तिथं नसतोच, कळप अजून खाली सेरेंगेटीत असतात. टूरवाल्याने हे सांगितलं का? शिवाय मार्च ते मे हा केनियाचा मोठ्या पावसाचा काळ, चिखलात गाड्या रुततात. दर कमी असतात ते त्यामुळेच, माराची एन्ट्री फी जानेवारी ते जून परदेशी माणसाला दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. आणि सीझनमध्ये गेलात तरी नदीकाठी चार-चार तास गाडीत बसून राहायचं, हजारो जनावरं काठाशी येतात, पुढची बिचकते, सगळी मागे फिरतात, की गेला दिवस. व्हिडिओत ते चार तास नसतात. मुलाला आत्ताच खरं सांगून टाका, दहा वर्षांच्या मुलाला खरं कळतं. सिंह मात्र मारात बारा महिने असतात, कळप येवोत न येवोत.

मारात पुढेमागे कधी गेलात तर एक लक्षात ठेवा, मुख्य रिझर्व्हच्या शेजारी मसाई लोकांच्या स्वतःच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी राखीव जंगलं आहेत, नाबोइशो, मारा नॉर्थ वगैरे. तिथं लॉजवाले मसाई कुटुंबांना जमिनीचं भाडं देतात, गाड्यांची संख्या मोजकी असते, आणि रिझर्व्हमध्ये जे चालत नाही ते म्हणजे रात्रीची फेरी, पायी फिरणं, रस्ता सोडून गाडी नेणं हे इथं चालतं. महाग असतं. पण एका सिंहामागे तीस गाड्या हे बघून परत आलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल त्यासाठी दोन रात्री कमी केल्या तरी चालतील.

बलून. मिस्टरांना सांगा, बलून छानच असतो, पहाटे अंधारात उठायचं, सूर्य वर येताना आपण वर जायचं, तासभर, खाली हत्ती मुंग्यांएवढे. माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर. चौघांचे मिळून होतात ते तुम्हीच बघा. टोपलीत पाय वर करून चढावं लागतं, उतरताना टोपली घासत जाते, कधी आडवी होते, तेव्हा खाली बसून घट्ट धरायचं असतं. नव्या गुडघ्याला नको. आणि बलूनमधून जनावर बघणं कमी, माळरान बघणं जास्त होतं. मारा किंवा सेरेंगेटीला जाल तेव्हा त्यांना एकट्याला पाठवा, तुम्ही खाली कॉफी प्या.

पायी सफारी हा मात्र वेगळाच मामला. झांबियात साऊथ लुआंग्वा म्हणून पार्क आहे, चालत जंगल दाखवायची पद्धत तिथं १९५० च्या दशकात रुजली, पुढे बंदूकधारी स्काऊट, मागे गाइड, मधे आपण रांगेत. गाडीत बसल्यावर आपण सिंह शोधत असतो, चालताना वाळवीचं वारूळ, तरसाचं पांढरं शेण, कुणाचातरी ठसा हे सगळं एकदम महत्त्वाचं होतं कारण ते ज्याचं आहे तो इथंच कुठेतरी असतो. मला यात सगळ्यात जास्त मजा आली. पण बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, क्रूगरमध्येही नाही, त्यामुळे तुमच्याकडे हे एकावेळी एकानेच करायचं.

बोटीचं सांगते थोडक्यात. बोत्सवानात चोबे नदीवर दुपारच्या बोटीत बसायचं, हत्ती पाण्याला येतात, पोहून पलीकडे जातात, सोंड तेवढी वर. बोत्सवानात सव्वा लाखाच्या वर हत्ती आहेत, जगात कुठल्याच देशात एवढे नाहीत. गुडघ्याला काही त्रास नाही. तिथंच ओकावांगोच्या दलदलीत मोकोरो नावाची अरुंद होडी असते, मागे उभा माणूस लांब काठीने ढकलतो, तुम्ही जवळजवळ पाण्याच्या पातळीवर. गंमत म्हणजे तिथं पाणी चढतं ते कोरड्या दिवसांत, कारण पाऊस पडतो लांब अंगोलात आणि ते पाणी रमतगमत मे-जूनला पोचतं. पण मोकोरोत पाय लांब करून खाली बसायचं आणि परत उठायचं, तेव्हा सासूबाईंना मोकोरो नको, बोट चालेल.

आता माझा लाडका प्रकार, ज्याबद्दल तुमच्या पत्रात कुणीच बोललं नाहीये. नुसतं बसणं.

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला वनखातं लोकांना पाणवठ्यावर मचाणावर बसवतं, रात्रभर, माहितीय ना? नामिबियात एतोशा म्हणून पार्क आहे, मधे जवळजवळ ४,८०० चौरस किलोमीटरचं मिठाचं पांढरं मैदान आणि कडेकडेने पाणवठे. ओकाउकुएयो नावाच्या कॅम्पला लागूनच एक पाणवठा आहे, कमरेएवढी भिंत, बाकडी, आणि रात्री त्याच्यावर मंद पिवळा दिवा. झालं. मचाणावर चढायचं नाही, खोलीतून स्लिपर घालून यायचं. मी माझ्या मावशीला घेऊन गेले होते, तिचा गुडघा तर बदललेलाही नव्हता, नुसताच दुखायचा. दिवसा गाडीत ती दमायची, पण पहिल्या रात्री जी बाकड्यावर बसली, शाल गुंडाळून, ती उठायलाच तयार नाही. साडेदहाच्या सुमारास एक जिराफ आलं. पाण्यापाशी उभं राहिलं आणि प्यायचा विचार करायला लागलं. जिराफाला पाणी प्यायचं म्हणजे पुढचे दोन्ही पाय फाकवून मान खाली घालावी लागते, आणि त्या अवस्थेत सिंह आला तर संपलंच. म्हणून ते एक पाय थोडा सरकवायचं, थांबायचं, आजूबाजूला बघायचं, परत पाय जवळ घ्यायचं. असं दहा-पंधरा मिनिटं. बाकड्यांवर चाळीसेक माणसं, कुणी खोकत नाही. मावशी माझ्या कानात म्हणाली, "अगं, पी की बाई आता." मग ते प्यायलं. त्यानंतर काळा गेंडा आला, पिल्लू घेऊन, आणि तो पाणी पिताना जो आवाज येतो ना, बशीतून चहा ओढल्यासारखा, तो इतका स्पष्ट ऐकू येत होता की मी हसू दाबायला शाल तोंडात धरली. परत आल्यावर मावशीने सिंहाचं नाव काढलं नाही, जिराफाचीच गोष्ट सगळ्यांना सांगत सुटली.

म्हणून सासूबाई येताहेत तर बसायची सोय जिथं चांगली आहे तिथं जा, आणि मे आहे तर माझं मत नणंदेच्या बाजूने. क्रूगर, तिथंही असं बसून बघता येतं. (नणंदेची बाजू घेतल्याबद्दल सॉरी, पण ती बरोबर आहे.)

एक तर मेमध्ये तिकडे पाऊस संपलेला असतो, गवत वाळायला लागतं, जनावरं पाण्याकडे यायला लागतात, हवा कोरडी. दुसरं म्हणजे केनिया, युगांडाला जाऊन आलं की यलो फिव्हरच्या लशीचा दाखला भारतात उतरताना दाखवावा लागतो, नाहीतर क्वारंटाइन, आणि साठीच्या पुढच्या माणसाला ती लस द्यायची का याचा डॉक्टर जरा विचार करतात. साऊथ आफ्रिकेत यलो फिव्हर नाही. फक्त जाताना विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून बारा तासांहून जास्त थांबणारं घेऊ नका, मग ते साऊथ आफ्रिकावालेच दाखला मागतात, सरळ दुबई-दोहावरून जा. मलेरिया मात्र क्रूगरमध्ये आहे, मेमध्ये कमी होत जातो पण आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, सासूबाईंच्या बाकीच्या औषधांची यादी घेऊन जा विचारायला. अजिबातच धोका नको असेल तर माडिक्वे, पिलान्सबर्ग ही मलेरिया नसलेली जंगलं आहेत, तीही वाईट नाहीत.

क्रूगर केवढं आहे, जवळजवळ १९,५०० चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर. सगळं फिरायचं नाही! डांबरी रस्ते आहेत, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, मिस्टरांना बलूनच्या बदल्यात स्टिअरिंग द्या, खूश होतील. डांबरावर ५० ची लिमिट आणि कच्च्यावर ४०. गाडी उंच घ्या, सेडान नको, गवताच्या वरून दिसायला हवं आणि सासूबाईंना चढायला एक छोटं प्लॅस्टिकचं स्टूल तिथंच विकत घ्या. गाडीतून खाली उतरायचं नाही, ठरलेल्या जागा सोडून कुठेही नाही, दारही उघडायचं नाही. आणि इथं मी ते विचारते जे तुम्ही लाजून विचारलं नाहीत: बाथरूम. ६८ वर्षांच्या बाईला घेऊन निघताना रस्ता यावरूनच ठरवायचा. स्कुकुझा कॅम्प ते लोअर साबी कॅम्प ४५ किलोमीटरच्या आसपास, मधे न्कुहलू पिकनिक स्पॉट आहे, टॉयलेट, चहा सगळं. लोअर साबी ते सातारा नव्वदेक किलोमीटर, मधे त्शोक्वानेचा पिकनिक स्पॉट. हो, सातारा नावाचा कॅम्पच आहे तिथं. आपल्या साताऱ्याशी काही संबंध आहे का म्हणून विचारू नका, पण पाटीसोबत फोटो मात्र प्रत्येक मराठी माणूस काढतो. नव्वद किलोमीटरला थांबत थांबत चार-पाच तास लागतात, घाई केली तर काही दिसत नाही.

तर तीन रात्री लोअर साबी, तीन रात्री सातारा. लोअर साबीचं रेस्टॉरंट नदीवर आहे, लाकडी डेक, खाली पाणघोडे घुरघुरत असतात, एखाद्या जाड्या काकांना दुपारच्या झोपेतून उठवल्यावर जसा आवाज येतो तसा. कॅम्पच्या बाहेर पडलं की लगेच सनसेट डॅम, गाडी काठाशी लावायची, इंजिन बंद, मगरी, पाणघोडे, करकोचे, समोरच सगळं, तासभर तिथंच थांबा. सातारा सिंहांसाठी प्रसिद्ध आहे, मुलगा खूश. सिंह दिसला म्हणजे तो झोपलेलाच असेल, दिवसाचे वीस-वीस तास झोपतात ते. एका झाडाखाली सहा सिंह आणि दिसतोय फक्त एक कान, माशी बसली की हलतो, असं पाऊण तास आम्ही बघितलंय. स्वतःची गाडी असली की हे करता येतं, मागचा पॅसेंजर "चला पुढे" म्हणत नाही. स्वतःला काही सापडत नाही असं वाटलं तर पार्कच्याच उंच उघड्या गाडीतून संध्याकाळची फेरी बुक करा, ड्रायव्हर-गाइड त्यांचा, अंधार पडला की स्पॉटलाइट. तुम्हा नवराबायकोंनी आळीपाळीने पहाटेचा बुश वॉक, म्हणजे ती पायी सफारी, करा. तेव्हा आजी-नातू डेकवर.

खाण्याचं टेन्शन इथं सगळ्यात कमी. बंगल्यात ओटा, शेगडी, भांडी असतात, असंच बुकिंग करा, काही खोल्यांना किचन सामाईक असतं. डाळ-तांदूळ-मसाला जोहान्सबर्गमध्ये फोर्ड्सबर्गला घ्या, भारतीय दुकानंच दुकानं आहेत. मुगाची खिचडी करायची आणि व्हरांड्यात खायची. पण एक आधीच सांगून ठेवा सासूबाईंना, संध्याकाळी सहा वाजले की अख्ख्या कॅम्पमध्ये शेजारीपाजारी कोळशावर मांस भाजायला घेतात, ब्राय म्हणतात त्याला, वास सगळीकडे येतो. माझ्या मावशीने उदबत्ती लावली होती.

काय करायचं नाही तेही सांगते. जोहान्सबर्गच्या आसपास सिंहाची पिल्लं कुरवाळा, सिंहासोबत चाला असले कार्यक्रम विकतात, मुलगा हट्ट धरेल. नको. ती पिल्लं पिंजऱ्यात पैदा केलेली असतात, मोठी झाल्यावर त्यांचं जे होतं ते मुलाला सांगण्यासारखं नाही, बऱ्याचदा कुंपणात सोडून पैसेवाल्या शिकाऱ्यांकडून मारली जातात.

व्हिसा लागतो, मुलाचा आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला लागतो, वेळ हातात ठेवा. पार्कच्या कॅम्पचं बुकिंग साधारण अकरा महिने आधी उघडतं आणि लोअर साबीच्या नदीकडच्या खोल्या पटकन जातात. आधी बुकिंग, मग विमान, आपण नेहमी उलटं करतो. कॅम्पचं गेट मेमध्ये सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद, उशीर केला तर दंड आणि वर बोलणी. आणि बंगल्याचा फ्रीज व्हरांड्यात असतो, त्याला कडी असते, ती लावा, माकडं फ्रीज उघडतात आणि तुमचं दही नेतात, मी डोळ्यांनी बघितलंय.

पुढच्या सीटवर सासूबाईंना बसवा, खिडकी त्यांची, दुर्बीण त्यांच्या गळ्यात. मुलाला मागे वही द्या, काय दिसलं ते आजी ओरडेल आणि तो लिहील. आणि तो स्वेटर बॅगेत तळाशी टाकू नका, वरच ठेवा, मेमध्ये सकाळी सहाला गेटवर रांगेत उभे असाल तेव्हा बाहेर दहा-बारा डिग्री असणार आहे.